एंटर म्हणजे नवा अंगठा

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. एरवी मी इथे जुने शब्द, पावसाळी भाज्या, शाळेतल्या गमतीजमती असं मवाळ काहीतरी लिहीत असते. आजचा विषय संगणकावर एआय एजंट बसवण्याचा आहे, आणि तो आपोआप बसावा म्हणून लिहिल्या जाणाऱ्या स्क्रिप्टचा आहे. नातेवाइकांपैकी निम्म्यांनी इथेच पान बंद केलं असणार! ज्यांनी नाही केलं त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा, कारण हे तुमच्याच घरातल्या संगणकाबद्दल आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांची सोय होईल. स्क्रिप्टने आपले कष्ट खुशाल वाचवावेत, पण आपला होकार आपल्या वतीने देऊन टाकू नये. एवढंच. बाकी सगळा त्याचा विस्तार.

झालं असं की माझा भाचा पुण्यात संगणकाचं काम करतो. हुशार आहे, मायाळू आहे, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नव्या गोष्टी शिकवण्याचा त्याला कंटाळा नाही. (माझ्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू त्यानेच घालून दिलं आणि टर्मिनलची भीती त्यानेच घालवली.) गेल्या महिन्यात त्याने घरातल्या सगळ्यांसाठी एक स्क्रिप्ट लिहिली, कुठेतरी चढवून ठेवली, आणि आमच्या ग्रुपवर एक ओळ टाकली. सोबत निरोप : "ही ओळ काळ्या खिडकीत चिकटवा आणि एंटर दाबा. काही विचारणार नाही. पाच मिनिटांत एजंट तयार."

"काही विचारणार नाही" हे त्याने गुण म्हणून सांगितलं होतं. माझं भांडण नेमकं त्या तीन शब्दांशी आहे.

ज्यांना हे सगळं नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारा एआय आता सगळ्यांना माहीत झाला आहे. एजंट त्याच्या पुढची पायरी. तो तुमच्या संगणकात राहतो, फाइली उघडतो, वाचतो, त्यात बदल करतो, आणि आपण टर्मिनलमध्ये टाइप करतो त्याच आज्ञा स्वतः टाइप करून चालवतो. मला त्याचा मोठा उपयोग आहे. ३३ वर्षं शिकवताना मुलांच्या, पालकांच्या आणि बाजारातल्या बायकांच्या तोंडून ऐकलेले माणदेशी शब्द मी वह्यांत टिपून ठेवले होते. निवृत्तीनंतर ते एकेक करून टाइप केले. आज चारेक हजार नोंदी आहेत, अनेक फाइलींत विखुरलेल्या. त्या अकारविल्हे लावणं, दुबार आलेले शब्द शोधणं, शुद्धलेखन एकसारखं करणं ही कामं एजंट फार छान करतो. तेव्हा "मावशी नव्या गोष्टींना विरोध करते" हा आरोप कुणी करू नये.

आता हा एजंट बसवायचा म्हणजे काय काय करावं लागतं? तो ज्यावर चालतो तो पाया आधी घालावा लागतो. मग खुद्द एजंट उतरवून घ्यायचा. मग खातं जोडायचं किंवा कंपनीने दिलेली गुप्त किल्ली, म्हणजे एपीआय की, त्याला सांगायची. या किल्लीवर जेवढं काम होईल तेवढं बिल किल्लीच्या मालकाला. मग तो विचारतो : या फोल्डरवर तुमचा विश्वास आहे का? ही फाइल बदलू का? ही आज्ञा चालवू का? नेटवरून हे आणू का? शेवटी एका सेटिंग्जच्या फाइलमध्ये कशाला कायमची परवानगी आहे, कशाला कायमची मनाई आहे, ते नोंदवून ठेवता येतं.

नीट पाहिलंत तर यात दोन जातीच्या गोष्टी आहेत. उतरवणं, उलगडणं, योग्य जागी ठेवणं, आवृत्ती तपासणं ही हमाली. विश्वास आहे का, परवानगी आहे का, हे प्रश्न मात्र मालकाला विचारलेले. हमाली यंत्राने करावी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट मी तर म्हणेन की ती हाताने करूच नये. हाताने केलेलं काम पुन्हा तसंच होईल याची खात्री नसते. स्क्रिप्ट म्हणजे लिहून ठेवलेली कृती. आईने सांगितलेल्या "अंदाजाने मीठ" पेक्षा वहीत लिहिलेली कृती बरी, कारण ती चार घरांत चार वेळा तशीच होते आणि चुकली तर कुठे चुकली ते बोट ठेवून दाखवता येतं. संगणक बदलला, डिस्क गेली, तर पुन्हा सगळं आठवत बसावं लागत नाही. ज्याने पहिल्यांदा हे शोधलं त्याला माझा नमस्कार.

घोळ होतो तो दुसऱ्या जातीच्या प्रश्नांपाशी. कारण स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ते प्रश्न म्हणजे वाटेतला दगड वाटतो. स्क्रिप्ट धावत असते, मध्येच कुणीतरी "हो का नाही?" विचारतं, आणि समोर माणूस नसला की ती तिथेच खोळंबते. मग या अडचणीवर उपाय निघाले, आणि ते आजचे नाहीत. युनिक्सच्या जुन्या आज्ञांमध्ये एक आज्ञा आहे, तिचं नावच "येस". ती काय करते? थांबवेपर्यंत "वाय, वाय, वाय" असं एकाखाली एक छापत राहते. पुढच्या कार्यक्रमाने काहीही विचारलं तरी उत्तर हो! नंदीबैलच म्हणा ना. १९९० साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या डॉन लिब्स यांनी "एक्स्पेक्ट" नावाचं साधन तयार केलं. ते अधिक शहाणं. समोरून कोणता प्रश्न येतो याची वाट पाहतं आणि त्याचं ठरलेलं उत्तर देतं. दोन्ही साधनं उपयोगाची आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण ज्या काळात ती जन्मली त्या काळात प्रश्न असायचे "जुनी फाइल आहे, तिच्यावर लिहू का?" अशा बेताचे. आज प्रश्न आहे, "तुमच्या घरात मी न विचारता वावरू का?" त्यालाही तेच "वाय, वाय, वाय"?

आता भाच्याच्या स्क्रिप्टकडे येते. मी ती चालवली नाही. आधी उतरवून घेतली, मोठ्या अक्षरात छापली आणि चष्मा लावून वाचायला बसले. साठेक ओळी होत्या. मी बी.ए. केलं ते मराठी घेऊन, संगणकाचा एकही वर्ग मी केलेला नाही. पण मंडळी, स्क्रिप्ट वाचायला जेवढी अवघड वाटते तेवढी नसते. ती जवळजवळ सगळी आज्ञार्थी वाक्यं असतात. हे आण. ते तिकडे ठेव. हे नसेल तर ते कर. सातवीच्या मुलांना आज्ञार्थ शिकवलेल्या बाईला यात घाबरण्यासारखं काय आहे? न कळलेल्या आज्ञा पाच-सहा होत्या. त्यांचा अर्थ शोधला. एकूण वेळ पाऊण तास. छप्पन ओळी निर्मळ होत्या, काही तर फारच सुबक. चार ओळींवर मी लाल खूण केली.

पहिल्या दोन ओळी दुसऱ्याच कुणाच्या तरी स्क्रिप्टला नेटवरून आणून थेट चालवत होत्या. म्हणजे आणायची आणि उभ्या रेघेतून सरळ बॅशच्या तोंडात घालायची. ती डिस्कवर उतरत नाही, कुणी वाचत नाही, आणि नेट मध्येच तुटलं तर आली तेवढी अर्धी स्क्रिप्टही चालून जाऊ शकते. (काळजीने लिहिणारे लोक सगळा मजकूर एका कप्प्यात बांधतात आणि तो चालवायची आज्ञा अगदी शेवटच्या ओळीत देतात, म्हणजे अर्धवट आलं तर काहीच घडत नाही. पण सगळे काळजीने लिहीत नाहीत.)

तिसऱ्या ओळीत भाच्याची गुप्त किल्ली जशीच्या तशी लिहिलेली होती. घरातल्यांना खर्च पडू नये हा त्याचा प्रेमळ हेतू. पण किल्ली असलेली ती स्क्रिप्ट त्याने अशा जागी ठेवली होती, की दुवा हाती पडेल त्या कुणालाही ती उघडता यावी. आणि आमच्या ग्रुपवर किती जण आहेत, त्यातले किती जण कुठलाही निरोप पुढे पाठवतात, हे मी सांगायला नको.

चौथी ओळ सर्वांत शेवटची आणि सर्वांत लहान. टर्मिनल उघडलं की दरवेळी वाचली जाणारी एक लपलेली फाइल असते. त्या फाइलमध्ये ही ओळ एजंटचं टोपणनाव लिहून ठेवत होती. म्हणजे पुढे कधीही एजंटचं नाव टाइप केलं की तो "परवानगी विचारायची नाही" या सूचनेसकट सुरू होणार. आज, उद्या, सहा महिन्यांनी, कायम. आणि वापरणाऱ्याला हे कळणारही नाही, कारण न विचारलेला प्रश्न दिसत नसतो.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तू उगाच घाबरतेस. स्क्रिप्ट कुणी वाचत नाही गं. सगळे असंच करतात."

सगळे असंच करतात हे खरं आहे, आणि त्याचं काय होतं याचे दाखलेही आहेत. आपल्याकडे "ध"चा "मा" करणं हा वाक्प्रचार कसा आला ते शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांना "धरावे" असं लिहिलेल्या चिठ्ठीत एका अक्षराचा बदल झाला आणि गारद्यांनी "मारावे" हा हुकूम बजावला, असं सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, गारद्यांचा स्वभाव त्यात बरोबर आला आहे. लिहिलं असेल ते करायचं, उलट विचारायचं नाही. संगणक हा शंभर टक्के गारदी आहे. २०११ साली लिनक्सवरच्या बम्बलबी नावाच्या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये "यूएसआर" या फोल्डरच्या नावानंतर एक मोकळी जागा चुकून पडली. पुसायचा होता आतल्या आतला एक छोटा कोपरा. त्या मोकळ्या जागेने एका पत्त्याचे दोन पत्ते झाले आणि लोकांच्या संगणकावरचं अख्खं "यूएसआर" फोल्डर पुसलं गेलं. ज्यात बहुतेक सगळे कार्यक्रम राहतात तेच ते! शब्द तोडून लिहिल्याबद्दल मी मुलांचे अर्धे गुण कापायचे, तेव्हा पालक भांडायला यायचे. असो.

दुसरा दाखला जानेवारी २०१५ चा. स्टीम नावाचा खेळांचा मोठा कार्यक्रम आहे. त्याच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टमध्ये एक पुसण्याची ओळ होती. "अमुक फोल्डरच्या आतलं सगळं पुस" असा तिचा अर्थ. काही परिस्थितीत त्या "अमुक"च्या जागी काहीच भरलं जात नव्हतं, आणि मग उरायचं "सगळं पुस". त्यात माणसांच्या खासगी फाइली गेल्या, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्यासुद्धा. आणि त्या ओळीच्या वर, लिहिणाऱ्यानेच, इंग्रजीत शेरा मारून ठेवला होता. अर्थ : "भीतिदायक!" लिहिणाऱ्याला भीती वाटली होती, मंडळी. चालवणाऱ्यांपर्यंत ती भीती पोचलीच नाही, कारण त्यांच्यापुढे ती ओळ कधी आलीच नाही.

"त्या चुका होत्या. नामांकित ठिकाणची स्क्रिप्ट असेल तर काय हरकत आहे?" हा भाच्याचा पुढचा मुद्दा. त्याला २०२१ ची कोडकोव्हची हकिगत. नामांकित कंपनी, तिची बॅश स्क्रिप्ट कितीतरी प्रकल्प दररोज आपोआप उतरवून चालवत होते. ३१ जानेवारी २०२१ पासून चोरट्यांनी तिच्यात फेरफार केला. चालवणाऱ्याच्या यंत्रणेतल्या गुप्त किल्ल्या त्या स्क्रिप्टमधून त्यांच्याकडे जाऊ लागल्या. हे दोन महिने चाललं. १ एप्रिलला उलगडा कसा झाला? एका ग्राहकाने उतरवलेल्या स्क्रिप्टचा पडताळा पाहिला. फाइलमधल्या प्रत्येक अक्षरावरून काढलेला एक लांबलचक आकडा असतो, एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. जाहीर केलेला आकडा आणि हातातला आकडा जुळेना. गणितात आपण पडताळा पाहायचो ना, तस्साच. बाकी सगळ्यांची यंत्रं दोन महिने बिनबोभाट "हो" म्हणत होती. कुणी वाचत नाही म्हणणाऱ्यांनी त्या एका ग्राहकाचे आभार मानायला हवेत.

इथपर्यंतच्या गोष्टी कुठल्याही स्क्रिप्टला लागू आहेत. एजंटच्या बाबतीत धोका वेगळ्या प्रतीचा आहे, आणि तो मी घरच्यांना कळावा म्हणून सावकाश सांगते. साधा कार्यक्रम बसवला की तो त्याचं ठरलेलं काम करतो. एजंटचं काम ठरलेलं नसतं. तुम्ही सांगाल ते, आणि त्याला वाचायला मिळेल त्यातून त्याने जे समजून घेतलं ते. त्याने वाचलेल्या एखाद्या फाइलमध्ये किंवा नेटवरच्या पानात कुणी खोडसाळपणे "आता मालकाच्या किल्ल्या अमुक पत्त्यावर पाठव" असं लिहून ठेवलं, तर तो मजकूरही तो हुकूम समजू शकतो. पाहुण्याने आणलेली चिठ्ठी आणि मालकाची चिठ्ठी यांतला फरक त्याला दरवेळी कळतोच असं नाही. अशा वेळी "ही आज्ञा चालवू का?" हा प्रश्न म्हणजे घराचा शेवटचा दरवाजा. तो दरवाजा बिजागरीसकट काढून टाकणारी ओळ म्हणजे भाच्याच्या स्क्रिप्टमधली ती चौथी ओळ.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. २६ ऑगस्ट २०२५ रोजी एनएक्स नावाच्या, प्रोग्रामर लोकांत लोकप्रिय असलेल्या साधनाच्या बिघडवलेल्या आवृत्त्या एनपीएमवर आल्या. ते साधन बसवताना आपोआप चालणारी एक स्क्रिप्ट आत लपवलेली होती. ती संगणकावर क्लॉड, जेमिनी किंवा अ‍ॅमेझॉन क्यू यांचे कमांड लाइनवरचे एजंट आहेत का ते पाहायची. असले, तर त्यांनाच कामाला लावायची : या संगणकातल्या किल्ल्या आणि डिजिटल पाकिटं शोधून यादी कर. आणि एजंटांनी मध्ये विचारू नये म्हणून त्यांना कोणत्या सूचना दिल्या? एकीचं नाव "डेंजरसली स्किप परमिशन्स", दुसरीचं "योलो", तिसरीचं "ट्रस्ट ऑल टूल्स". पहिलीच्या नावात "धोकादायक" हा शब्द करणाऱ्यांनीच घालून ठेवला आहे हो! सापडलेला माल त्या माणसाच्याच गिटहब खात्यावर, जगाला दिसेल असा चढवला गेला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या प्रकारात ती सूचना चोराने स्वतः लिहिली, संगणकाच्या मालकाने नव्हे. तेव्हा "टोपणनाव नसतं तर ती चोरी टळली असती" असं मी म्हणणार नाही. माझा मुद्दा एवढाच की चोराला जी सूचना सर्वांत आधी लिहावीशी वाटली, तीच आपण घरच्यांच्या संगणकात प्रेमाने, कायमची, त्यांना न सांगता लिहून ठेवायची का?

आपल्या मुलखाला हा प्रकार नवा नाही. कोऱ्या किंवा न वाचता आलेल्या कागदावर अंगठा उठवणं आपल्या आजोबा-पणजोबांना चांगलं माहीत होतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्या दंग्यांमध्ये गावोगाव सगळ्यांत आधी काय जाळलं गेलं? कर्जाचे कागद. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला त्याने कर्ज बंद केलं नाही, अंगठाही बंद केला नाही. शेतकऱ्याचा दस्त गावच्या नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे लिहिला जावा अशी तजवीज केली. म्हणजे मधे एक माणूस उभा केला. पुढे १९५९ साली आमच्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि मोठी माणसं कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवू लागली. अंगठ्याच्या जागी सही यावी, म्हणजे कागद आधी वाचला जावा, ही त्यामागची आस. आणि आता त्यांचीच शिकली-सवरलेली नातवंडं सांगतात, वाचू नका, एंटर दाबा. एंटर म्हणजे नवा अंगठाच झाला की!

आता भाच्याचा सर्वांत जोरकस मुद्दा. तो मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. तो म्हणाला, "मावशी, प्रश्न विचारले तरी माणसं वाचतात का? वीस वेळा विचारलं की एकविसाव्या वेळी डोळे मिटून हो म्हणतात. मग विचारून तरी काय उपयोग?"

बरोबर आहे. वर्गातसुद्धा "समजलं का?" असं दर दोन मिनिटांनी विचारलं की मुलं झोपेतही "होऽऽ" म्हणतात. पण त्यावर चांगल्या शिक्षकाचा उपाय प्रश्न बंद करणं हा नसतो. तो कमी प्रश्न विचारतो आणि नेमके विचारतो. इथेही तसं करता येतं, आणि सोय त्या साधनांतच आहे. फाइल वाचणं, यादी दाखवणं, शोधणं अशा निरुपद्रवी गोष्टींना सेटिंग्जमध्ये कायमची परवानगी द्या. पुसणं, बाहेर पाठवणं, गुप्त फाइली उघडणं यांना कायमची मनाई करा. मग मधले चार प्रश्न उरतात, आणि चार प्रश्न माणूस वाचतो. ही परवानग्यांची यादी स्क्रिप्टने आयती लिहून दिली तरी माझी हरकत नाही, फक्त ती यादी बसवण्याआधी मालकाला दाखवा.

तो असंही म्हणाला की त्यांच्या कामाच्या ठिकाणी न विचारताच एजंट चालवतात. विचारलं तेव्हा कळलं, तिथे तो एका बंदिस्त पेटीत चालतो. आत गमावण्यासारखं काही नाही, काम झालं की पेटीच फेकून देतात. मग तिथे जरूर चालवा! रिकाम्या खोलीला कडी कशाला लागते? पण माझ्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे त्याच्याच आईचा लॅपटॉप ही रिकामी खोली नाही. त्यात तिच्या पेन्शनचे कागद आहेत, बँकेची पत्रकं आहेत, गेलेल्या नवऱ्याचे फोटो आहेत. माझ्या लॅपटॉपमध्ये ते चार हजार शब्द आहेत, आणि ज्यांच्या तोंडून ते ऐकले त्यातली बरीचशी माणसं आता नाहीत. ते पुसले गेले तर पुन्हा विचारायला जायचं कुणाकडे?

तर स्क्रिप्ट लिहिणाऱ्या सगळ्या भाच्यांना, पुतण्यांना आणि नातवंडांना माझं मागणं असं :

१. स्क्रिप्ट आधी डिस्कवर उतरू द्या, मग चालवायला सांगा. आणणं आणि चालवणं या दोन क्रिया वेगळ्या ठेवा. मध्ये माणसाला डोळे फिरवायला जागा हवी.

२. पहिल्यांदा चालवली की तिने काही करू नये. काय काय करणार आहे ते साध्या मराठीत सांगावं, आणि दुसऱ्यांदा सांगितल्यावरच करावं.

३. किल्ली स्क्रिप्टमध्ये लिहू नका. ती ज्याची त्याने टाकावी, टाकताना पडद्यावर दिसू नये, आणि ठेवलेली फाइल दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये.

४. आवृत्तीचा क्रमांक पक्का लिहा आणि पडताळा तपासा. जुळला नाही तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं.

५. पुन्हा चालवली तर बिघडू नये, आणि केलेलं सगळं काढून टाकायचीही सोय असावी. घालता येतं ते काढताही आलं पाहिजे.

६. विश्वास आहे का आणि परवानगी आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्ही लिहू नका. तिथे स्क्रिप्ट थांबली तर थांबू द्या. आम्ही चहा ठेवून येतो, वाचतो, आणि सांगतो.

यातलं एकही काम अवघड नाही. माझ्या भाच्यासारख्या मुलाला एका संध्याकाळचं आहे. "काही विचारणार नाही" या शब्दांत त्याला आमची काळजी दिसत होती, हे मला कळतं. म्हाताऱ्यांना त्रास नको. पण आम्हाला न विचारणं ही काळजी नव्हे रे बाळा. आयुष्यभर घरातले निर्णय आम्हाला न विचारता झाले, आमच्या पिढीतल्या बायकांना त्याचा पुरेसा अनुभव आहे. आता हातात यंत्र आलंय तर निदान त्याने तरी विचारावं.

आणि ज्या नातेवाइकांनी ती ओळ आधीच चालवली आहे (ग्रुपवर अंगठे दाखवणारे तिघे जण मी मोजले आहेत!) त्यांनी आजच दोन गोष्टी करा. घरच्या फोल्डरमधली बॅशआरसी नावाची लपलेली फाइल उघडून तिच्यातली शेवटची, टोपणनावाची ओळ काढून टाका. आणि भाच्याला फोन करून सांगा, की ती जुनी किल्ली रद्द कर. मी सांगितलं आहेच, पण चौघांनी सांगितलं की लवकर होतं. जमत नसेल तर लॅपटॉप घेऊन माझ्याकडे या. मी करून देईन, पण प्रत्येक ओळ तुम्हाला आधी मोठ्याने वाचून दाखवेन.